मनीऑर्डरची कुपनं आणि माझं एक्कावन्नावं वर्ष

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या. गेले काही दिवस डोक्यात एक विषय घोळतोय आणि तो घरात कुणाला सांगायला गेलं की दोन मिनिटांत संपतो. मुलगा म्हणतो आई तू लिहून काढ, म्हणून लिहितेय.

विषय तसा साधा. २०२५ साली पोस्टाची रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. बातमी आली तेव्हा लोकांनी दोन दिवस स्टेटसवर लाल पेट्यांचे फोटो लावले आणि विषय संपला. माझा संपला नाही, कारण मी चोवीस वर्षं एका खासगी कंपनीत इनवर्ड-आउटवर्डला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाच्या नोंदींना, होते आणि ही चोवीस वर्षं म्हणजे मुख्यतः आरपीएडी, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट. नोटिसा, करारपत्रं, शेअरहोल्डरांची पत्रं. पाकीट, त्याला जोडलेलं पोचपावतीचं कार्ड, पोस्टाची पावती, पावती जर्नलला चिकटवायची, कार्ड सहीनिशी परत आलं की त्या नोंदीसमोर टाचायचं. लोकांना हे कारकुनी काम वाटतं. पण जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७ च्या कलम २७ मध्ये रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेल्या कागदाला जे वजन दिलंय ना, ते कोर्टात उभं करायला शेवटी माझ्या जर्नलची झेरॉक्सच लागायची. मला त्या कामाचा अभिमान होता आणि अजून आहे.

आणि मुळात मी पोस्टातच वाढले. म्हणजे खरंच. आमचं गाव राजापूर तालुक्यात, बाबा ब्रांच पोस्टमास्तर. खेड्यातलं ब्रांच पोस्ट म्हणजे सरकारी इमारत वगैरे नसते, मास्तरांच्याच घरात जागा द्यायची असते, तर आमच्या पडवीत एक टेबल, एक लाकडी पेटी, वजनकाटा, तारखेचा शिक्का, काळ्या शाईचं पॅड आणि लाखेची कांडी हे आमचं पोस्ट. सकाळी रनर राजापूरहून आलेली थैली घेऊन यायचा, बाबा आधी सील तपासायचे, मग सुतळी कापायचे. शिक्क्यातली तारीख बदलायचं काम माझं. छोटे छोटे शिशाचे अंक असायचे, चिमट्याने काढून दुसरे बसवायचे, त्यातला एखादा पडला की पडवीच्या शेणाच्या जमिनीवर शोधत बसायचं. लाख वितळल्याचा वास मला आजही कुठे आला तर मी थांबते.

पिनकोडचं बाबांना फार कौतुक. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या वेळणेश्वरचे, रत्नागिरी जिल्ह्यातले, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्टाचे, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. राजापूर ४१६७०२. आमच्याकडे मुलं गाड्यांचे नंबर पाठ करायची, मी पिन पाठ करायचे.

पण आमच्या पोस्टाचं मुख्य काम पत्र नव्हतंच, मनीऑर्डर होतं. कोकणातल्या कुणालाही विचारा. घरटी एक माणूस मुंबईला, बहुतेक गिरणीत, राहायला लालबाग-परळात गावमंडळाच्या गाळ्यात, जेवायला खानावळ, आणि महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास गावी मनीऑर्डर. फॉर्मच्या खाली एक छोटं कुपन असायचं, त्यावर पाठवणाऱ्याने चार ओळी लिहायच्या, पैसे दिल्यावर ते कुपन फाडून घेणाऱ्याला द्यायचं. पत्र लिहायला वेळ नसलेली माणसं त्या चार ओळींत सगळं बसवायची. तांदूळ भरून ठेव. आईचं औषध आणलं का. गणपतीला येतो. बायका पदराने हात पुसत पडवीच्या पायरीवर बसायच्या, अंगठा द्यायच्या, पैसे कनवटीला लावायच्या आणि मग म्हणायच्या, "मास्तर, काय लिवलान हाय ता वाचा." बाबा वाचायचे. मी तिसरीत गेल्यावर बाबांनी ते काम माझ्याकडे दिलं. कुठली बातमी मोठ्याने वाचायची आणि कुठली वाचताना बाईच्या जवळ जाऊन बसायचं हे मला कुणी शिकवलं नाही, बाबांना बघून कळलं. कोपरा फाटलेलं कार्ड, म्हणजे कुणी गेल्याची बातमी, आलं की ते मात्र माझ्या हातात द्यायचे नाहीत, ते स्वतः घेऊन त्या घरी चालत जायचे.

माझे थोरले काका परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. सतराव्या वर्षी गेलेले. वर्षातून दोनदा गावी, शिमग्याला आणि गणपतीला, येताना आमच्यासाठी कापडाचे तुकडे आणि मावशीची बर्फी (परळला एक मावशी विकायची म्हणे, आम्ही तिला कधी पाहिलं नाही पण नाव तेच). पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, डाव्या हाताला घड्याळ. वाडीत त्यांच्याइतका ऐटीत कुणी चालत नसे. काकी गावीच, शेती तिच्याकडे, दोन बैल, चार कुणगे (भाताची छोटी शेतं), सासूचं आजारपण, सगळं तिच्याकडे. काकीला वाचता येत नव्हतं पण प्रत्येक कुपन ती एका तारेत ओवून ठेवायची, माजघरातल्या खुंटीला ती तार लटकलेली असायची.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, साठाहून जास्त गिरण्या थंडावल्या. हे आकडे मला खूप नंतर कळले. मला तेव्हा जे कळलं ते थैलीतून कळलं. फेब्रुवारीत मनीऑर्डरी आल्या पण रकमा कमी. मार्चात आणखी कमी झाल्या. आमच्या छोट्या पोस्टात महिन्याला चाळीसेक मनीऑर्डरी यायच्या, पाऊस लागेपर्यंत त्या सात-आठवर आल्या आणि त्यासुद्धा बहुतेक पोलिसात नाहीतर गोदीत असलेल्यांच्या. बायका रोज येऊन पायरीवर बसायच्या. "मास्तर, आज पन काय नाय?" बाबांना नाही म्हणता यायचं नाही. थैली रिकामी आहे हे माहीत असून ते ती पुन्हा उलटी करून, आत हात घालून, झटकून दाखवायचे. आठ वर्षांची होते मी, मला ते दृश्य आजही पुसता येत नाही. नंतर उलटं सुरू झालं. गावाहून मुंबईला तांदूळ जायला लागले. एसटीच्या टपावर गोणी चढवायच्या, वर खडूने गाळ्याचं नाव. ज्या माणसांनी वीस-पंचवीस वर्षं घराला पोसलं त्यांना घर पोसायला लागलं.

काका जूनमध्ये आले. म्हणाले दोन महिने राहतो, संप मिटला की जातो. संप मिटलाच नाही, मिटला असं कुणी जाहीर पण केलं नाही, तो नुसता विरत गेला, आणि काका परत गेले नाहीत. चव्वेचाळीस वर्षांचे होते ते.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. त्या पावसात चिखळणी चालली होती. काकांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि नांगर धरला. सतराव्या वर्षी सोडलेलं काम, हात विसरले होते. बैल ऐकेनात, नांगर एकदा वर तरंगतोय एकदा रुततोय, बांधावर पोरं उभी, शेजारचा एक म्हातारा मोठ्याने हसला. मी काकीसाठी भाकरी घेऊन गेले होते म्हणून हे सगळं पाहिलं. मला वाटलं काका आता चिडणार, नांगर टाकून घरी जाणार. काकीने काही न बोलता येऊन कासरा हातात घेतला. आणि काका बाजूला झाले नि म्हणाले, "तू दाव. मी बघतो."

एवढंच. वाडीतल्या सगळ्यांसमोर. इस्त्रीच्या शर्टातला माणूस, ज्याच्या मनीऑर्डरीवर घर चालायचं, तो बायकोच्या मागे मागे चिखलातून चालत बघत होता ती पाय कुठे ठेवते, कासरा कधी सैल सोडते. पुढच्या आठवड्यात लावणीला पण तसंच. तरवा (भाताची रोपं) काढायचा, मुठी बांधायच्या, चिखलात किती बोटं रोवायच्या, सगळं काकी सांगणार आणि काका करणार. मुठी बांधण्यात मात्र ते दोन दिवसांत वाडीत सगळ्यात जलद झाले. साच्यावर तुटलेला धागा गाठायची सवय होती ना पंचवीस वर्षांची, बोटं आपोआप चालायची.

मी हे गोड करून सांगत नाहीये. काका रात्री झोपायचे नाहीत. पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठून पडवीत येऊन बसायचे, कित्येक वर्षं. घड्याळ पेटीत गेलं ते गेलंच. संपाबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत आणि मी विचारलंही नाही, ते २०११ साली गेले, आता विचारता येणार नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसात मीटिंग झाली. आता सगळं पोर्टलवर, पत्रं एजन्सी प्रिंट करून पाठवणार, आपण फक्त डेटा अपलोड करायचा आणि ट्रॅकिंग बघायचं, इनवर्ड-आउटवर्ड डेस्क बंद. माझी बदली दुसऱ्या सेक्शनला. एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, या वयात जमेल का तुम्हाला, नाहीतर दुसरा काही विचार करा. वाईट हेतूने नसेल विचारलं. पण मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. तेव्हा माझं शरीरही माझ्या ताब्यात नव्हतं, पाळी जायचे दिवस, एसीत बसून घामाने ब्लाउज भिजायचा, रात्री तीनला जाग यायची, मुलगा नुकताच पुण्याला नोकरीला गेलेला आणि घरात संध्याकाळी टीव्हीचा आवाज सोडून आवाज नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका हे सगळं एकदम झेलत असतात आणि ऑफिसात त्याचं नावही घेता येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. दोन दिवस! प्रोजेक्टरवर एक मुलगा भराभर क्लिक करत गेला आणि आम्ही चौघी-पाचजणी माना डोलावत राहिलो. कळलं काहीच नाही. पुढचे तीन आठवडे मी ऑफिसला जाताना डोंबिवलीहून परळपर्यंत खिडकीशी उभी राहून राजीनाम्याचं पत्र मनात लिहायचे.

आमचं ऑफिस आहे ते जुन्या गिरणीच्या आवारात झालेल्या इमारतीत. जेवायच्या खिडकीतून एक चिमणी दिसते, धूर नसलेली. काकांची गिरणी हीच का ते मला माहीत नाही, पण त्याच भागात ते पंचवीसहून जास्त वर्षं कामाला होते. मेमध्ये एकदा डबा खाताना त्या चिमणीकडे बघत होते आणि काकांचं ते वाक्य आठवलं. त्याच्या आधीच्याच महिन्यात मी गावी जाऊन आले होते, काकी जाऊन दीड वर्ष झालं, तिची ट्रंक उघडायची राहिली होती. त्यात ती कुपनांची तार मिळाली. तारेला गंज चढलेला, कुपनं पिवळी पडलेली, पण ओळीने. फेब्रुवारी ८२ चं कुपन, काकांच्या अक्षरात: पैसे कमी आहेत. संप चालू आहे. काळजी नसावी. त्याच्यानंतर एप्रिलचं एक. त्यानंतर तारेला काही नाही, नुसतं टोक आकड्यासारखं वळवलेलं.

डबा बंद केला आणि आमच्या सेक्शनमधल्या सगळ्यात लहान मुलीकडे गेले. सव्वीस वर्षांची आहे, माझ्या मुलाहून दोन वर्षांनी मोठी. तिला म्हटलं, बाळा, मला रोज अर्धा तास दाखवशील का, मी वहीत लिहून घेईन, एकदा विचारलेलं दुसऱ्यांदा विचारीन, तिसऱ्यांदाही विचारीन. ती म्हणाली मॅडम बसा ना. तेवढ्यावर सुरू झालं.

शंभर पानी वही केली. फाइल उघडण्यापासून सगळं मराठीत लिहिलं, बाणबीण काढून. ती मुलगी कधी हसली नाही माझ्यावर, कधी माऊस माझ्या हातातून ओढून घेतला नाही, ही गोष्ट किती मोठी आहे हे ज्यांनी उतारवयात काही शिकलंय त्यांनाच कळेल. घरी मुलं काय करतात, आपण विचारलं की फोन हातातून घेतात, टिकटिक करतात आणि "झालं" म्हणून परत देतात. त्याने काम होतं पण आपण शिकत नाही. माझा मुलगा पण तसंच करायचा, त्याला मी सांगितलं, आता करत नाही.

जुलैत एक प्रसंग झाला तो सांगते. राजापूर आणि आसपासचे अकरा पत्ते एका यादीत होते, तालुक्याची नि पिनची ओळ सारखीच होती म्हणून मी पहिल्या खान्यातलं "राजापूर ४१६७०२" माऊसने खाली ओढलं. शेवटी आकडा असला की एक्सेल त्याची मालिका समजतं, तर खाली ४१६७०३, ४१६७०४ असं वाढतच गेलं. माझ्या बाजूच्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, सहा आकडे सहा आकड्यांसारखेच दिसतात. मी मात्र खुर्चीतच ताठ झाले, कारण राजापूरला ४१६७०९ कुठून येणार? मग आम्ही दोघींनी त्या आठवड्यात गेलेल्या सगळ्या याद्या उघडून तपासल्या आणि आधीच्या एका यादीत, जी माझी नव्हती, तीच चूक सापडली. पत्रं जायच्या आत थांबवली. त्या दिवसापासून पत्त्यांची यादी अपलोड व्हायच्या आधी माझ्याकडे येते. माझ्या वहीत त्या पानावर मी तारीख लिहून ठेवली आहे.

आज सगळं छान झालंय असं नाही. नवीन अपडेट आलं की बटणं जागा बदलतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. जर्नलची आठवण येते, विशेषतः पोचपावतीचं कार्ड परत आल्यावर त्यावरच्या सह्या बघायचे मी, कुणाची थरथरती, कुणाचा अंगठा, त्यावरून माणूस दिसायचा. ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" एवढंच येतं. हे नुकसान आहे आणि ते नुकसान आहे असं म्हणायची मोकळीक असावी. "बदल स्वीकारा, नाहीतर मागे पडाल" असे फॉरवर्ड रोज दहा येतात, ते वाचून माझ्यासारखीचा धीर सुटतो, वाढत नाही. माझी आणि काकांची तुलना मी करत नाही. त्यांचं सगळं गेलं, माझा पगार चालू राहिला, एवढा फरक मला कळतो. पण दोघांनाही शिकायला वेळ आणि शिकवणारं माणूस लागलं, काकांना काकी मिळाली, मला ती मुलगी.

म्हणून या पत्रातून दोन विनंत्या करते. एक कंपन्यांना आणि ऑफिसांना. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढच्या माणसांना नवीन सिस्टिम देताना दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊन मोकळे होऊ नका. दोन महिने द्या, शेजारी एक धीराचं माणूस बसवा, आणि सगळ्यांसमोर वयाचा प्रश्न विचारू नका. चोवीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय साठलेलं असतं ते तुमच्या कुठल्याच यादीत नसतं.

दुसरी विनंती वाचकांना, खास करून कोकण, सातारा, कोल्हापूरकडच्या, ज्यांची माणसं गिरणीत होती. घरात जुन्या ट्रंका असतील, देवघराच्या मागे डबे असतील. त्यात मनीऑर्डरची कुपनं असली तर रद्दीत घालू नका. संपावर पुस्तकं आहेत, भाषणं आहेत, पण गावी बसलेल्या बाईला महिन्याकाठी काय कळत होतं ते त्या चार ओळींतच आहे. घरात म्हातारं कुणी असेल तर ती वाचून दाखवा आणि ते काय सांगतात ते फोनवर रेकॉर्ड करा. मी काकांना विचारलं नाही, तुमच्याकडे अजून कुणी असेल तर विचारा.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, गावीच असतात. रजिस्टर्ड पोस्ट बंद झाल्याचं मी त्यांना फोनवर घाबरत घाबरत सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "थैली येते ना अजून?" म्हटलं येते.

हे पत्र आधी वहीत लिहिलं, मग तीन संध्याकाळी बसून फोनवर स्वतः टाइप केलं, मुलाला हात लावू दिला नाही. ईमेलने पाठवते आहे. छापा अथवा न छापा, तुमची मर्जी, पण मिळालं की दोन शब्दांची पोच जरूर द्यावी.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली